उजवीकडे वायर नाही

रविवारी सकाळी इंजिनियर पान्ह्यांची पेटी घेऊन जिना उतरताना दिसले, तेव्हाच वहिनींनी ओळखलं की आता दुपारपर्यंत गाडीचं काहीतरी बिघडणार.

इंजिनियर म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. इंजिनियर ते कधीच नव्हते. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या भांडारात त्यांनी उभी हयात काढली होती. खिडकीतून हात बाहेर काढायचा, चिठ्ठी घ्यायची, वायसर नाहीतर बेअरिंग द्यायचं आणि खिडकी लावून घ्यायची. ते बेअरिंग पुढे कुठे जातं, कुणाच्या पोटात बसतं, हे बघायला ते खिडकीबाहेर कधी पडले नाहीत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी पान्ह्यांची पेटी घेतली, खिशाला टेस्टर अडकवला आणि सगळी गल्ली त्यांना इंजिनियर म्हणायला लागली. आधी चेष्टेने, मग सवयीने. ती चेष्टा होती हे आता फक्त वहिनींच्या लक्षात होतं, आणि ते विसरायला त्या तयार नव्हत्या.

विसरणं वहिनींच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म घालवला होता. दुसऱ्याची चूक शोधायची आणि तिच्याभोवती लाल गोल काढायचा, याचा त्यांना पगार मिळायचा. छापखाना सुटला, गोल काढायचा हात काही सुटला नाही. भाजीवाल्याचा तराजू, शेजारणीची सून, यजमानांचं इस्त्री करणं, कशातही चूक दिसली नाही तर वहिनींना दिवस फुकट गेल्यासारखा वाटे. यजमान म्हणजे वहिनींचा नवरा, इंजिनियरांचा थोरला भाऊ. त्यांच्यात चूक शोधायला तर चष्म्याचीही गरज पडत नसे.

आजचं प्रकरण असं होतं. वहिनींच्या लेकीला डोंगरापलीकडच्या गावातल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी तिला घरची जुनी गाडी घेऊन निघायचं होतं. रस्ता सगळा वळणांचा. जितका चढ तितकाच उतार, आणि उताराच्या बाजूला कठड्याऐवजी चुन्याने रंगवलेले चार दगड. अन् शनिवारी संध्याकाळी लेक सामान आणायला गाडी घेऊन गेली, तर समोर पिवळा दिवा लागला. मध्ये गोल, दोन्ही बाजूंना तुटक रेघा. ब्रेकचे पॅड झिजले, असं सांगणारा दिवा.

रविवार असल्यामुळे गॅरेजं बंद होती. उघडी असती तरी काही उपयोग नव्हता, कारण गॅरेजवाले सगळे चोर असतात, असं इंजिनियरांनी फार पूर्वीच जाहीर केलं होतं आणि यजमानांनी त्यावर मान डोलावली होती. मान डोलावणं हे यजमानांचं या घरातलं मुख्य काम होतं.

या घरात दुरुस्तीची एक खास पद्धत होती. जे ओरडेल त्याचं तोंड बंद करायचं. दाराची घंटा अडकून वाजत राहायला लागली, तेव्हा तिची वायर काढून टाकली. आता पाहुणे दार बडवतात. स्वयंपाकघरातलं धुराचं यंत्र किंचाळायचं, त्याचा सेल काढून तो घड्याळात घातला. फ्रिजचं दार उघडं राहिलं की फ्रिज कुरकुरायचा, तर जिथून आवाज यायचा तिथे इंजिनियरांनी च्युइंगगम लावलं. च्युइंगगम! दोन्ही भाऊ मग हात पुसत मागे सरायचे आणि धाकटा म्हणायचा, "झालं काम." थोरला म्हणायचा, "वा!"

तर सकाळपासून त्यांचं काम चाललं होतं. आधी इंजिनियरांनी किल्ली फिरवून दिवा लावला. मग बंद केला. मग परत लावला. दिव्याला कंटाळा येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. मग बॅटरीची वायर काढून ठेवली आणि दोघे भाऊ पायरीवर बसले.

"हे काय?" वहिनींनी खिडकीतून विचारलं.

"गाडीला जरा विसरू देतोय," इंजिनियर म्हणाले.

"पॅड झिजलेत हे गाडी विसरेल. पॅड विसरतील का?"

"अगं, त्याला करू दे ना," यजमान म्हणाले. ते भर उन्हात हातात पेटलेली टॉर्च धरून बसले होते.

गाडी विसरली नाही. मग इंजिनियरांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइल काठोकाठ भरलं. दिव्याचा आणि ऑइलचा काही संबंध नव्हता, पण बाटली उघडलेली होती, ती संपवायला हवी होती. शेवटी नाइलाज झाला तेव्हा त्यांनी पुढचं डावं चाक काढलं. चाकामागची तबकडी आणि तिला दोन्हीकडून धरणारे पॅड दिसायला लागले. पॅड जाडजूड होते. इंजिनियरांचा चेहरा फुलला. त्यांनी लेकीला हाक मारली, यजमानांनी नको तिथे धरलेली टॉर्च पॅडवर वळवली आणि व्याख्यान सुरू केलं.

"हे बघ. या डाव्या पॅडच्या पोटात एक बारीक वायर असते. पॅड झिजत झिजत वायरीपर्यंत आलं, की तबकडीवर घासून वायर तुटते. वायर तुटली की दिवा लागतो. मागे खरंच तुटली होती, तेव्हा मी पॅड बदलले. नवी वायर बसवा म्हणत होता दुकानदार. कशाला? तुटलेली दोन टोकं मी एकमेकांना पिळून टेप मारला. आता तो टेप सुटलाय, एवढंच! पॅड ठणठणीत आहेत. दिवा खोटं बोलतोय."

त्यांनी टोकं पुन्हा पिळली, नवा टेप मारला, किल्ली फिरवली. दिवा विझला.

"वा!" यजमान म्हणाले.

"काका, ग्रेट आहात तुम्ही!" लेक म्हणाली. काकांच्या नावाने लेकीचे डोळे चमकायचे, अगदी लहानपणापासून. आईच्या नावाने ते आधीच थकल्यासारखे व्हायचे.

वहिनींना कबूल करायला फार जड गेलं, पण दिव्याबद्दल ते भांडारवाले बरोबर होते. टेप सुटला म्हणूनच दिवा लागला होता. त्या नाक मुरडत आत गेल्या आणि लेकीची बॅग काढायला माळ्यावर चढल्या.

बॅगेमागे एक पुठ्ठ्याचा खोका होता. वर गाडीचं चित्र, आत तेलकट कागद, आणि कागदात ब्रेकचे दोन पॅड. कोरे. खोक्याला खाचा मात्र चार होत्या.

वहिनी शिडीवरच उभ्या राहिल्या. असा छापलेला मजकूर त्यांनी हजारदा वाचला होता, ज्यात एक ओळ गळलेली असते आणि तरी वाक्य बरोबर वाटतं. चार पॅड पुढच्या दोन चाकांचे असतात. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. यांनी दोनच बसवले होते. ज्या चाकावर दिव्याची वायर होती त्या चाकाचे बदलले, दिवा विझला, काम झालं. उरलेले दोन भांडारवाल्याने भांडारात जमा केले होते. सगळा माल एकदम द्यायचा नाही, काहीतरी शिल्लक ठेवायचंच, ही त्याची आयुष्यभराची शिस्त होती. म्हणजे उजव्या चाकाचे पॅड अजून तेच होते, मागच्या वेळी डावीकडचे वायर तुटेपर्यंत झिजले होते त्यांचेच जोडीदार. आणि त्यावर गाडी आणखी दोन वर्षं पळाली होती.

त्या खाली आल्या तेव्हा तिघे चहा पीत होते.

"भाऊजी, हे काय आहे?"

"स्टॉक," इंजिनियर म्हणाले.

"उजव्या चाकाचे पॅड बदलले होते का?"

इंजिनियरांनी वहिनींकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. "वहिनी, उजवीकडे वायरच नाही. तिकडे काय बघायचं?"

"वायर नाही म्हणजे ब्रेक नाही का तिकडे? वायर नसली की झिजायचं थांबतं?"

"झिजलं असतं तर दिवा लागला नसता का?" यजमान म्हणाले.

"अहो, दिवा डाव्या चाकाचा आहे! अक्कल काय टॉर्चबरोबर उन्हात जाळलीत?"

"झालं सुरू," यजमान कपात बघत म्हणाले.

"ब्रेक दाबला की उजवीकडून घासल्याचा आवाज येतो. मी काल फाटकाशी ऐकलाय."

"तो होय? रेडिओ लावला की नाही येत," यजमानांनी खुलासा केला.

वहिनी लेकीकडे वळल्या. "तू तरी ऐक. हे चाक उघडल्याशिवाय तू उद्या जायचं नाहीस."

लेकीने कप खाली ठेवला. ती चिडली नव्हती, आणि तेच वाईट होतं. "आई, नोकरी घेतली तेव्हा तू म्हणालीस इस्पितळ बोगस असेल. खोली घेतली तेव्हा म्हणालीस छत गळेल. मैत्रीण राहायला येणार तर ती चोर वाटली तुला. आता ब्रेक. तुला आजवर एक तरी गोष्ट बरी वाटलीय का गं? काकांनी सकाळपासून हात काळे केले, त्यांना साधं थँक्यू तरी म्हणालीस?"

इंजिनियर उठले. त्यांनी पान्हे एकेक करून पेटीत ठेवले, जरा जास्तच आवाज करत. "ज्यांचा विश्वास नाही त्यांनी स्वतः उघडावं," असं ते भिंतीला म्हणाले आणि जिना चढून वर गेले. आपली खोली, आपली खिडकी. खिडकी लावून घेतल्याचा आवाज खालपर्यंत आला.

वहिनींनी स्वतः उघडायचा प्रयत्न केला, का नाही करणार? डिकीतला पान्हा काढला, नटाला लावला, दोन्ही हातांनी ओढला, मग त्यावर उभ्या राहिल्या. नट ढिम्म हलला नाही. मान डोलावणाऱ्यांना हाक मारली तर त्यांची कंबर लगेच दुखायला लागली. वहिनी चाकापाशी मातीत बसल्या. चाकाकडे बघताना त्यांना लेकीचं बोलणं आठवत होतं. ती खोटं बोलली नव्हती. वहिनी या घरातला कायम पेटलेला दिवा होत्या. इस्पितळ, छत, मैत्रीण, सगळ्यावर सारख्याच पेटत आल्या होत्या, आणि घरादाराने केव्हाच टोकं पिळून टेप मारून ठेवला होता. आज पहिल्यांदा खरी आग होती, तर कुणी वळूनही बघत नव्हतं. त्यांना रडू आलं नाही. राग आला, दिरांचा, नवऱ्याचा, आणि मग थोडा वेळ स्वतःचाही, पण तो फार वेळ टिकू दिला नाही. वेळ नव्हता.

वर एक माणूस रुसून बसला होता, त्याच्या हाताने नट सुटत होते आणि त्याच्या शब्दावर लेकीचा विश्वास होता. वहिनींना दोन्ही हवं होतं.

त्यांनी चहा केला. इंजिनियरांना आवडतो तसा, ज्याला त्या आजवर काढा म्हणत आल्या होत्या. कप घेऊन त्या जिना चढल्या. या जिन्यावर त्यांनी कैक वर्षांत पाय ठेवला नव्हता. काही सांगायचं असलं तर खालूनच ओरडायच्या. खोलीत भिंतभर फळ्या होत्या, फळ्यांवर डबे, डब्यांवर चिठ्ठ्या. वायसर लहान. वायसर मोठे. वायसर जुने. वायसर उपयोग नाही. उपयोग नसलेल्या वायसरांचा डबा सगळ्यात मोठा होता. वहिनींच्या जिभेवर वाक्य आलं, चांगलं धारदार होतं. त्यांनी ते गिळलं.

"भाऊजी, चहा."

इंजिनियर कपाकडे संशयाने बघायला लागले.

"मघाशी तुम्ही ते वायरीचं समजावून सांगत होतात ना," वहिनी म्हणाल्या. "फार छान सांगितलंत. मला एवढं कुणी कधी समजावलं नव्हतं."

"चेष्टा करताय, वहिनी?"

"नाही हो. मी काय, छापखान्यातली बाई. मला यंत्रातलं काय कळतंय?" हे म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, कारण तोंडाकडे बघून ते म्हणता आलं नसतं. "मनात आलं, ही डोंगरात एकटी असणार. काही झालं तर तिथे तुम्ही थोडेच असणार? उजवं चाक तेवढं तिच्यासमोर एकदा उघडून दाखवाल का? तुम्ही दाखवलं की तिच्या डोक्यात पक्कं बसतं. माझं ती ऐकत नाही."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, आणि तेच सगळ्यात कडू लागलं.

इंजिनियरांनी चहाचा घोट घेतला. त्यांची छाती हळूहळू वर आली. "असं नीट विचारायचं ना मग," ते म्हणाले. "शिकण्याची इच्छा असेल तर मी कुणाला नाही म्हणत नाही."

वहिनींनी दात इतके आवळले की कानापाशी दुखलं.

उजवं चाक निघालं. लेक वाकली, यजमानांनी टॉर्च धरली, इंजिनियर म्हणाले, "हे बघ, इकडे वायर नाही, पण रचना अगदी तीच," आणि तिथेच थांबले.

बाहेरचं पॅड वहीच्या पुठ्ठ्याएवढं उरलं होतं. आतलं उरलंच नव्हतं. नुसती लोखंडी पाठ तबकडीवर घासत होती आणि तबकडीवर गोल गोल ताज्या रेघा उमटायला लागल्या होत्या.

इंजिनियरांचा हात तबकडीवरच राहिला. एवढासा क्षण, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा इंजिनियर उतरला, आणि दिसला तो पुतणीला खांद्यावर घेऊन फिरलेला एक घाबरलेला म्हातारा माणूस. त्यांनी लेकीकडे बघितलं आणि लगेच नजर खाली वळवली.

वहिनींचं वाक्य तयार होतं. एक नाही, कितीतरी. वर्षानुवर्षं तपासून, सुधारून, काना-मात्रेसकट तयार ठेवलेली. असा मोका त्यांना आयुष्यात आला नव्हता आणि परत येणार नव्हता. पण गाडी जॅकवर लटकत होती, दुपार कलत होती, आणि हा माणूस अपमान झाला की हात झटकून जिना चढतो, हे त्यांनी मघाशीच बघितलं होतं.

"हं," इंजिनियर घसा साफ करत म्हणाले. "वाटलंच होतं मला."

वहिनींनी डोळे मिटले, उघडले.

"तुम्ही उघडलंत म्हणून दिसलं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "थांबा, तुमचा स्टॉक घेऊन येते."

"बघितलंस?" इंजिनियर लगेच लेकीला म्हणाले, आणि चेहऱ्यावरचा इंजिनियर जागेवर आला. "म्हणून शिल्लक ठेवायची असते. सगळा माल एकदम वापरला असता तर आज रविवारी कुठून आणले असते पॅड?"

"वा!" यजमान म्हणाले.

पॅड बसवताना इंजिनियरांनी पॅडला दाबणारा पिस्टन मागे रेटला, तसं सकाळी काठोकाठ भरलेलं ब्रेक ऑइल वर उसळून रंगावर सांडलं. वहिनींनी न बोलता फडकं आणून पुसलं. मग लेकीने रेडिओ बंद करून गाडी गल्लीतून दोनदा फिरवली. वहिनी फाटकाशी कान देऊन उभ्या होत्या. घासण्याचा आवाज नव्हता आणि गाडी सरळ थांबत होती.

सोमवारी सकाळी सामान भरून झालं. इंजिनियर इस्त्रीचा शर्ट घालून निरोप द्यायला आले होते. लेक त्यांच्या पाया पडली, बाबांच्या पडली, आणि आईला मिठी मारून कानात म्हणाली, "काकांना उगाच नावं ठेवत जाऊ नकोस गं. काल ते नसते तर?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "ते नसते तर."

लेक गाडीत बसली. समोरचा दिवा विझलेला होता, टेपच्या जोरावर. यापुढे चारही चाकांचे पॅड झिजून संपले तरी तो तसाच विझलेला राहणार होता. वहिनी खिडकीशी वाकल्या.

"पोचलीस की आधी तिथल्या गॅरेजात जा. चारही चाकं उघडून बघायला सांग, रेघा पडल्यात ती तबकडी दाखव, आणि दिव्याची वायर नवी बसवून घे."

लेकीच्या डोळ्यांत तो ओळखीचा थकवा आला. "आई, काल सगळं झालंय. आता परत सुरू नको ना करूस."

वहिनींनी मागे बघितलं. इंजिनियर यजमानांना काहीतरी समजावून सांगत होते आणि यजमान मान डोलावत होते.

"मी नाही म्हणत," वहिनी हळूच म्हणाल्या. "काकांनी सांगितलंय."

"काकांनी?"

"हो. सकाळीच म्हणाले. तुला सांगायचं विसरले असतील."

"अगं मग असं सांग ना," लेक म्हणाली आणि तिने किल्ली फिरवली. "पोचल्यावर आधी तिथेच जाते."